दाखला एका हातचा, निर्णय दुसऱ्या हातचा



सरकारी नोकरीच्या नेमणुकीच्या हुकुमात एक वाक्य बहुधा अगदी शेवटी असते. हुद्दा, पगार आणि हजर होण्याची तारीख सांगून झाली, की ते येते : ‘ही नेमणूक चारित्र्य व पूर्वेतिहास यांच्या पडताळणीच्या अधीन राहील.’ घरात पेढे वाटले जात असताना हे वाक्य कोणी मोठ्याने वाचीत नाही. परंतु बेळगावच्या दक्षिणेस, राजहंसगडाच्या पायथ्याशी वसलेल्या येळ्ळूरसारख्या गावात त्या एका वाक्यापाशी वाचणाऱ्याची नजर अडखळते. ती का अडखळते, आणि एका सरकारी खात्याने केलेली माणसाची पारख दुसऱ्या खात्याने कितपत जशीच्या तशी स्वीकारावी, या प्रश्नाचा आज आपण थोडा विचार करू.

प्रथम ही पडताळणी होते कशी, ते पाहू. उमेदवाराला एक साक्षांकन नमुना भरून द्यावा लागतो. त्यात नाव, गाव, आईवडील, शिक्षण आणि गेल्या काही वर्षांतील राहण्याची ठिकाणे ही माहिती असते. त्याखेरीज काही प्रश्न असतात. तुम्हाला कधी अटक झाली आहे काय? तुमच्यावर खटला भरला गेला आहे काय? कधी स्थानबद्ध केले होते काय? चांगल्या वर्तणुकीचा जामीन लिहून घेतला होता काय? दंड वा शिक्षा झाली आहे काय? एखादा खटला अजून चालू आहे काय? खोटी माहिती दिली किंवा खरी माहिती दडविली, तर ती अपात्रता ठरेल, असा इशाराही त्याच कागदावर छापलेला असतो. हा कागद नेमणूक करणाऱ्या खात्याकडून जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांकडे, तेथून पोलीस ठाण्यात आणि ठाण्यातून गावात पोचतो. गावातून निघालेला अहवाल त्याच वाटेने उलट वर चढत जातो. ज्याच्याविषयी हा सारा प्रवास चाललेला असतो, त्याला मात्र त्या अहवालात काय लिहिले आहे हे सहसा दिसत नाही.

अशी पडताळणी असूच नये, असे कोणी शहाणा माणूस म्हणणार नाही. ज्याच्या हाती बंदूक, तिजोरीची किल्ली किंवा राज्याची गुपिते द्यायची, तो कोण आहे हे पाहणे सरकारचे कर्तव्यच आहे. शाळेत लहान मुले ज्याच्या हवाली करायची, त्या शिक्षकाचीही चौकशी झालीच पाहिजे. मी स्वतः शिक्षक आहे आणि ही चौकशी मला अपमानाची वाटत नाही. माझा प्रश्न त्यापुढचा आहे. एका ठिकाणी लिहिलेला शेरा दुसऱ्या ठिकाणी जातो, तेव्हा त्याचे काय होते?

आम्हा शिक्षकांना या प्रश्नाची थोडी ओळख आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘वर्तणूक’ असे एक सदर असते. त्यात बहुतेक मुख्याध्यापक ‘चांगली’ एवढाच शब्द लिहितात. हा आळस नव्हे. चौदा वर्षांच्या मुलाने एकदा खिडकीची काच फोडली किंवा वर्गातून पळ काढला, हे दाखल्यावर उतरले तर नव्या शाळेतील शिक्षकाला तो मुलगा दिसण्याआधी फुटलेली काच दिसेल, हे अनुभवी मुख्याध्यापकाला ठाऊक असते. काच कशी फुटली, मुलाने ती भरून दिली काय, पुढे तो कसा वागला, हे त्या चार अंगुळे जागेत मावत नाही. दाखला घटना वाहून नेऊ शकतो, पण तिचा संदर्भ मागेच राहतो. शाळेच्या दाखल्याचे जर असे, तर पोलीस ठाण्याच्या अहवालाचे किती अधिक असेल?

आता दुसरी बाजूही न्यायाने मांडली पाहिजे. एकाच माणसाची पारख प्रत्येक खात्याने पुन्हा नव्याने करावयाची म्हटली, तर वेळ आणि पैसा दोन्ही वाया जातात आणि उमेदवार महिनोन्‌महिने ताटकळत राहतो. अमेरिकेत ही अडचण फार वाढली होती. तेथे एका खात्याने गुप्त कामासाठी योग्य ठरविलेला माणूस दुसऱ्या खात्यात गेला की चौकशी पुन्हा पहिल्यापासून सुरू होई. म्हणून २००४ साली तेथील गुप्तवार्ता-व्यवस्थेत सुधारणा करणारा जो कायदा झाला, त्यात असा नियम घालण्यात आला की एका अधिकृत खात्याने केलेली पडताळणी इतर खात्यांनी सर्वसाधारणपणे मान्य करावी. हेतू उत्तम होता, आणि त्यातील सोय कोणीही नाकारणार नाही.

परंतु अशा व्यवस्थेचे दोन धोके त्याच देशात पुढे दिसून आले. १६ सप्टेंबर २०१३ रोजी वॉशिंग्टन येथील नौदलाच्या आवारात एका कंत्राटी कामगाराने गोळीबार करून १२ जणांचे प्राण घेतले. त्याच्याजवळ रीतसर परवानगी होती. २००४ साली सिएटल शहरात त्याने एका मोटारीच्या चाकांवर गोळ्या झाडल्या होत्या आणि त्याबद्दल त्याला अटकही झाली होती. पण त्याच्या पडताळणीच्या अहवालात बंदुकीचा उल्लेखच नव्हता; चाकांतील हवा काढली, एवढेच होते. स्थानिक पोलिसांचा मूळ कागद चौकशी करणाऱ्यांनी मिळविलाच नव्हता. पहिल्या पायरीवर राहिलेली ही उणीव पुढच्या प्रत्येक पायरीवर तशीच चढत गेली, कारण प्रत्येकाने आधीच्याच्या सहीवर भरवसा ठेवला. दुसरा धोका २०१५ साली उघड झाला. पडताळणीचे कागद ज्या एका सरकारी कार्यालयात साठविले होते, तेथून सुमारे २ कोटी १५ लाख लोकांची माहिती संगणकाद्वारे चोरीस गेली. त्यांपैकी सुमारे ५६ लाख लोकांच्या बोटांचे ठसेही त्यात होते. सर्वांची माहिती एका कोठारात ठेवली, की चोरालाही एकच कुलूप फोडावे लागते.

अमेरिकेतील पहिल्या घटनेत दोषाची नोंद पुसट होऊन निर्दोष वाटली. आपल्या सीमाभागात याच्या उलट घडण्याची भीती असते. येथे एखादी साधी नोंद गडद होऊन पुढे जाऊ शकते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यरचना अमलात आली आणि बेळगावचा हा मुलूख त्या वेळच्या म्हैसूर राज्यात गेला. तेव्हापासूनचा वाद आपणा सर्वांस ठाऊक आहे. महाजन आयोगाने १९६७ साली अहवाल दिला, तो महाराष्ट्राने मान्य केला नाही; २००४ साली महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. त्या वादाचा न्यायनिवाडा करणे हा आजचा विषय नाही. परंतु या दीर्घ काळात मोर्चे, सभा, बंद आणि काळा दिन यांच्या निमित्ताने सीमाभागातील असंख्य सामान्य माणसांची नावे पोलिसांच्या दप्तरी चढली, ही वस्तुस्थिती आहे. शेतकरी, दुकानदार आणि कॉलेजात जाणारी मुले यांची नावे त्यांत आहेत.

येळ्ळूरचे उदाहरण ताजे आहे. जुलै २०१४ मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर गावच्या वेशीवरील ‘महाराष्ट्र राज्य, येळ्ळूर’ हा फलक प्रशासनाने काढून टाकला. गावकऱ्यांनी तो पुन्हा उभा केला. तो दुसऱ्यांदा काढला गेला तेव्हा गावात लाठीमार झाला, आणि अनेक गावकऱ्यांवर गुन्हे नोंदविण्यात आले. खटले वर्षानुवर्षे चालले. त्यांपैकी काही खटल्यांत आरोपींची निर्दोष मुक्तताही झाली. पण गुन्हा नोंदला जातो एका दिवसात आणि मुक्तता होते काही वर्षांनी. मधल्या वर्षांत एखाद्या तरुणाचे भरतीचे वय निघून जाते. ज्या बेळगावात मराठा लाइट इन्फन्ट्रीचे केंद्र आहे आणि ज्याच्या आसपासच्या गावांतील तरुण पहाटे उठून धावण्याचा सराव करतात, तेथे वयाची दोन वर्षे म्हणजे काय, हे आईबापांना सांगावे लागत नाही.

यात आणखी एक विलक्षण गुंतागुंत आहे. महाराष्ट्र शासनाने दावा केलेल्या ८६५ गावांतील मराठी भाषिक उमेदवारांना महाराष्ट्र शासनाच्या नोकऱ्यांसाठी अर्ज करता येतो. त्यासाठी त्या भागातील १५ वर्षांच्या वास्तव्याचा दाखला लागतो. समजा, अशा गावातील एक मुलगी महाराष्ट्रात तलाठी म्हणून निवडली गेली. तिची नेमणूक करणार महाराष्ट्र शासन, पण तिच्या वर्तणुकीविषयी लिहिणार ती जेथे राहते तेथील ठाणे, म्हणजे कर्नाटकाचे पोलीस. ज्या भाषेच्या नात्याने तिला अर्जाचा हक्क मिळाला, त्याच भाषेच्या मोर्चात तिचे नाव लिहिले गेले असेल, तर एका राज्याच्या दृष्टीने जी पात्रता, तीच दुसऱ्या राज्याच्या दप्तरात ठपका होऊन बसते. अहवाल लिहिणारा अधिकारी प्रामाणिक असला तरी हा पेच सुटत नाही. तो आपल्या दप्तरात जे आहे तेच लिहिणार. त्या नोंदीचे वजन किती, हे नेमणूक करणाऱ्याने ठरवावयाचे असते.

आणि आता तर कागदाला टपालाने प्रवासही करावा लागत नाही. २००८ च्या मुंबईवरील हल्ल्यानंतर २००९ साली केंद्र सरकारने देशभरातील पोलीस ठाणी संगणकाने जोडण्याची मोठी योजना मंजूर केली. गुन्ह्यांची नोंद, तपास आणि आरोपी यांची माहिती एका ठाण्यातून दुसऱ्यास मिळावी, हा तिचा हेतू. पासपोर्टसाठी आणि नोकरीसाठी होणाऱ्या पडताळणीतही तिचा उपयोग होतो. अट्टल गुन्हेगार एका राज्यात गुन्हा करून दुसऱ्या राज्यात साळसूदपणे राहू शकत होता, त्याला यामुळे आळा बसतो, आणि ते योग्यच आहे. परंतु जी वाट गुन्हेगाराच्या नोंदीला मोकळी झाली, तीच घोषणा देणाऱ्या विद्यार्थ्याच्या नोंदीलाही मोकळी झाली. म्हणून आरोपाबरोबर त्याचा निकालही तितक्याच वेगाने पुढे गेला पाहिजे, ही जबाबदारी पूर्वीपेक्षा कितीतरी वाढली आहे.

या बाबतीत आपल्या सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी काय म्हटले, ते ऐकण्यासारखे आहे. मध्य प्रदेशात १९७१ साली एक नगरपालिकेची शाळा सरकारने ताब्यात घेतली आणि तेथील एका शिक्षकाला पडताळणीच्या अटीवर सरकारी सेवेत सामावून घेतले. पुढे पोलिसांच्या अहवालात त्याचा पूर्वी काही राजकीय संघटनांशी संबंध होता असे आले, आणि त्याची नोकरी गेली. १९८३ साली न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी यांनी त्या शिक्षकाच्या बाजूने निकाल दिला. माणसाची जुनी राजकीय मते पोलिसांच्या गुप्त अहवालावरून चाळून त्याला सरकारी नोकरीतून वगळणे हे राज्यघटनेने दिलेल्या मूलभूत हक्कांशी विसंगत आहे, असा त्या निकालाचा आशय होता.

२०११ साली दिल्ली पोलिसांच्या भरतीतील एका उमेदवाराचे प्रकरण न्यायालयापुढे आले. तरुणपणी एका मारामारीच्या खटल्यात त्याचे नाव होते, तो खटला तडजोडीने मिटला होता, आणि अर्जात त्याने तो लिहिला नव्हता. न्यायालयाने तरुण वयातील चुकीकडे क्षमाशील दृष्टीने पाहिले आणि त्याची उमेदवारी रद्द करणे अयोग्य ठरविले. हा निकाल देताना न्यायालयाने इंग्लंडमधील एका जुन्या खटल्याचा दाखला घेतला, तो सीमाभागातील श्रोत्यांनी अवश्य ध्यानात ठेवावा. १९७० साली वेल्समधील काही विद्यार्थी आपल्या वेल्श भाषेच्या रक्षणासाठी लंडनच्या उच्च न्यायालयात घुसले, घोषणा दिल्या, गाणी म्हटली आणि कामकाज बंद पाडले. न्यायाधीशांनी त्यांच्यापैकी काहींना तीन महिन्यांची कैद सुनावली. अपिलात लॉर्ड डेनिंग यांनी असे धरले, की त्यांनी केले ते चुकीचे होते आणि शिक्षा योग्यच होती. परंतु ती मुले गुन्हेगार नव्हेत, आपल्या भाषेवरील प्रेमाने ती हे करून बसली. कायद्याचा मान राखला गेला आहे, आता त्यांना अभ्यासाकडे परत जाऊ द्यावे, असे म्हणून त्यांनी त्यांना चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर मुक्त केले. चूक ती चूक, हे न लपविता माणूस आणि त्याची एक कृती यांत फरक करणारा असा तो निकाल होता.

पुढे २०१६ साली सर्वोच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींच्या पीठाने या विषयातील नियम एकत्र मांडले. उमेदवाराने दिलेली माहिती खरीच असली पाहिजे, हा त्यातील पहिला नियम. तरीही तरुण वयात घोषणा देण्यासारख्या किरकोळ प्रकरणाची माहिती दिली गेली नसेल, तर नेमणूक करणाऱ्याला ती चूक दुर्लक्षिता येते, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. विचारलेला प्रश्न नेमका असला पाहिजे, मोघम नव्हे. आणि जे नेमके विचारले, तेवढेच सांगणे उमेदवारावर बंधनकारक आहे. मात्र सर्व काही खरे सांगितले किंवा खटल्यातून सुटका झाली, म्हणजे नोकरी हक्काने मिळाली, असेही नव्हे. सर्व परिस्थितीचा विचार करण्याचा अधिकार नेमणूक करणाऱ्या खात्याकडे राहतो. अधिकार राहतो, याचा अर्थ विचार करण्याचे कामही त्याच्याचकडे राहते. ठाण्याचा शेरा वाचून डोळे मिटून शिक्का मारणे म्हणजे विचार करणे नव्हे.

पासपोर्टच्या बाबतीतही कायदा समजतो तितका कठोर नाही. १९६७ च्या कायद्याप्रमाणे न्यायालयात फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो. पण १९९३ च्या अधिसूचनेनुसार त्याच न्यायालयाची परवानगी आणल्यास ठराविक मुदतीसाठी तो मिळू शकतो. नुसता गुन्हा नोंदला गेला, एवढ्याने खटला चालू आहे असे होत नाही, हेही परराष्ट्र मंत्रालयाने २०१९ साली स्पष्ट केले आहे. गोव्यात किंवा आखातात कामाला जाणाऱ्या आपल्या तरुणांना हे माहीत नसल्याने पुष्कळदा ते पहिल्याच नकाराने खचून परततात.

मग चांगली पडताळणी कशी असावी? आमच्या ख्रिस्ती समाजातील एक जुनी रीत मला येथे आठवते. ती धर्माची थोरवी सांगण्यासाठी नव्हे, तर दप्तर कसे ठेवावे यासाठी सांगतो. लग्न ठरले की वराने आणि वधूने आपापल्या बाप्तिस्म्याचा दाखला आणावयाचा असतो, आणि तो नव्याने काढलेलाच लागतो. कपाटातला जुना चालत नाही. कारण माणसाचे लग्न कोठेही झाले, तरी त्याची नोंद त्याच्या बाप्तिस्म्याच्या मूळ नोंदीपुढे करण्याचा नियम आहे. पुढे ते लग्न रीतसर रद्द ठरले, तर तेही तेथेच लिहिले जाते. आरंभ आणि शेवट एकाच पानावर असतात. त्यानंतर चर्चमध्ये नियोजित लग्नाची घोषणा सर्वांसमक्ष वाचली जाते आणि कोणास काही अडचण ठाऊक असल्यास ती कळवावी असे सांगितले जाते. १२१५ सालच्या धर्मसभेने ही घोषणा सर्वत्र लागू केली होती. ज्यांच्याविषयी ती आहे, ती माणसेही तेथेच बसून ती ऐकत असतात.

गुप्त कामाच्या सगळ्याच चौकशा अशा उघड्यावर करता येणार नाहीत, हे मान्य. पण त्या रीतीतील तीन गोष्टी सरकारी दप्तरालाही घेता येतील. पहिली, खात्याखात्यांनी एकमेकांना घटना कळवावी, मत कळवू नये. ‘अमुक तारखेस अमुक कलमाखाली गुन्हा नोंद’ ही घटना आहे. ‘हा इसम चळवळ्या आहे’ हे मत आहे. दुसरी, आरोपाच्या नोंदीपुढे त्याचा निकाल लिहिल्याखेरीज ती नोंद पुढे पाठवू नये, आणि जुना अहवाल नव्या कामासाठी वापरण्यापूर्वी तो आजही खरा आहे काय, हे पाहावे. तिसरी, एखाद्याला नाकारावयाचे ठरले, तर कोणत्या नोंदीवरून नाकारले ते त्याला सांगावे आणि त्याचे म्हणणे ऐकून घ्यावे. माहितीच्या अधिकाराचा कायदा २००५ साली झाला. त्यातून गुप्तवार्ता संघटना बहुतांशी वगळल्या आहेत. म्हणूनच नेमणूक करणाऱ्या खात्याने आपण होऊन एवढे सौजन्य दाखविणे अगत्याचे आहे.

ही झाली सरकारची बाजू. आपल्या बाजूनेही काही करण्यासारखे आहे, आणि ते मी माझ्या विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. नमुन्यातील प्रश्न सावकाश वाचा. ज्याला अटक झाली त्याने ‘नाही’ असे लिहू नये. शरमेने लिहिलेले ‘नाही’ मूळ प्रकरणापेक्षा अधिक महागात पडते. खटल्याचा निकाल लागला असेल तर न्यायालयाकडून त्याची सहीशिक्क्याची नक्कल घ्या आणि जन्माच्या दाखल्याइतकीच ती जपून ठेवा. साक्षांकन नमुन्याबरोबर ती जोडा. आपल्या ठाण्याच्या दप्तरात निकालाची नोंद झाली आहे काय, याची लेखी अर्ज करून चौकशी करा आणि अर्जाची पोच घ्या. जामीन लिहून दिला असेल, तर त्याची मुदत कधी संपली ते टिपून ठेवा. गावच्या वाचनालयाने किंवा तरुण मंडळाने एका वकिलाला बोलावून वर्षातून एकदा हे सर्व मुलांना समजावून दिले, तर कितीतरी घरांची धावपळ वाचेल.

येळ्ळूरच्या शिवारात भात पिकते. कापणी झाली की ते मळतात, वारा देतात; फोल उडून जाते आणि दाणा खाली उरतो. प्रत्येक हंगामात हे काम नव्याने करावे लागते. गेल्या वर्षी वारा दिला होता म्हणून यंदाची रास कोणी तशीच कणगीत भरत नाही. माणसाची पारख करणाऱ्या खात्यांनी दुसऱ्याचा कागद जरूर घ्यावा, त्याचा उपयोगही करावा. पण वारा आपल्या हाताने द्यावा. जुलै २०१४ मध्ये जी मुले शाळेत होती, ती आता नोकरीच्या वयात आली आहेत. त्यांच्या घरच्या माणसांची नावे त्या नोंदींत असतील. त्या नोंदींपुढे निकाल लिहिला गेला आहे काय, एवढे पाहण्याचे कष्ट प्रत्येक अधिकाऱ्याने घेतले, तरी नेमणुकीच्या हुकुमातील ते शेवटचे वाक्य या घरांना निर्भयपणे वाचता येईल.